पोटात घाल

धाकटीच्या लग्नाच्या दुसऱ्या रात्री
नगाऱ्याभोवतीच्या रिंगणातून मी उठले
तेव्हा बायकांत कुणीतरी हळूच म्हणालं,
नुएनाच्या पोटात दुखतंय.

दुखत तर होतंच.
पण त्या म्हणत होत्या ते नव्हे.

पत्र्याच्या आडोशाला डोकं टेकून बसले.
बाहेर शेळ्या, गाड्यांच्या जुन्या दारांच्या कुंपणात,
एकमेकींवर रेलून झोपलेल्या.
त्यांना पुठ्ठासुद्धा पचतो.
मला पचत नाही
त्याच्यावर ही सगळी छावणी जगते.
महिन्याकाठी ट्रक येतो, गोणी उतरतात,
आई हाताला लागलेलं पीठही
परत गोणीतच झटकते.
अशा जागी भाकरीला नको म्हणायचं
म्हणजे विहिरीच्या काठावर बसून
पाण्याला नावं ठेवायची.

तिंदूफच्या डॉक्टरनं कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं,
लांबलचक. अजून उशीखाली आहे.
इथं त्याला नखरा म्हणतात.
शहरात दोन वर्षं शिकून आली ना,
आता हिला आपली परात चालत नाही.
सात जणी कुसकुसाभोवती बसतात, सात हात एका ढिगात,
आणि मी आठवी, जरा कडेला,
मांडीवर झाकणाचा वाडगा घेऊन,
रुसून आलेल्या पाहुणीसारखी.

झुएन्हामावशीनं मायेनं टाकलं होतं,
हे आधी सांगून ठेवते.
माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर ठेवलेला उंटाच्या मांसाचा रस्सा
तिला पाणचट दिसला.
बहिणीच्या लग्नात पोरीनं असलं पाणी प्यावं होय?
म्हणून चिमूटभर पीठ. दाटपणा यायला.
मी वाडगा चाटूनपुसून साफ केला,
कितीतरी दिवसांनी,
आणि ती लांबून बघत होती, खूश होऊन.

मग आत कुणीतरी ओलं फडकं पिळावं
तसं सुरू झालं.

मध्यरात्री तेस्लेम आली. नवरी.
मेंदीचे हात प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले.
कोपरानंच पत्रा वाजवला.
उलटी?
आणि बाकीचंही.
ती हसली, मग हसायची थांबली.
त्या म्हणतायत ना, ते…
माहीत आहे.
मी सांगितलं त्यांना, की तुला पीठ बाधतं.
मग?
बराच वेळ नुसती पिशव्यांची चुरचुर.
म्हणाल्या, इतक्याशानं?

इतक्याशानं.
वाळूचा कण डोळ्यात जातो
तेव्हा कुणी विचारत नाही
केवढा होता.

ती तिथंच बसून राहिली, दाराशी,
नवा पांघरलेला मेलफा मातीत.
आत नगारा तिच्यावाचूनच वाजत होता.
मी तिला जा म्हटलं. गेली नाही.
जा म्हणताना माझ्याही आवाजात
जाऊ नकोस असंच असणार.

सकाळी वारा पडला. मावशी आली.
डोळे सुजलेले, काखेत माझं पातेलं,
वाळूनं घासलेलं, परत घासलेलं,
तळाचा काळा सुद्धा उतरवलेला.
चुकलं गं माझं, म्हणाली. पोटात घाल.

मला हसू फुटलं, दुखऱ्या बरगड्यांतून.
चूक घालते, मावशे.
चुका कितीही मावतात तिथं.
पीठ तेवढं नको.

तिला विनोद कळला नाही.
तिनं भात वाढला, पदर मागे सारला,
माझ्या शेजारी फतकल मारून बसली
आणि माझ्याच वाडग्यात हात घालायला निघाली,
जणू ही आमची दोघींची परात.
किती वर्षांनी.

माझी नजर तिच्या नखांवर गेली.
लाज वाटली. तरी गेली.

तिनं पाहिलं.
हात वाडग्याच्या काठावर थांबला.
मग माझ्या वर्गातल्या पोरींसारखे
दोन्ही हात पालथे करून
तिनं माझ्यापुढे धरले.
बघ, म्हणाली.

मी बघितली. एकेक.